कॉलेजच्या निबंधाचं बक्षीस: विषय कोण काढतं आणि हरलेले निबंध जातात कुठे?

करवीरकन्या (धागाकर्ती)

वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. दिवाळीआधी आईने माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. वर शाळेची हजेरीपत्रकं, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बी-बियाण्यांच्या पावत्या होत्या. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फुलस्केप कागदांचा गठ्ठा मिळाला. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. पहिल्या पानावर निळ्या शाईत विषय लिहिलेला: 'सहकार आणि ग्रामीण महाराष्ट्र'. खाली लेखकाचं नाव नाही, फक्त टोपणनाव: 'कायल', म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. साल १९६६.

बाबा तेव्हा कोल्हापुरात बी.ए. करत होते. गावाकडून रोज सायकलने यायचे. कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी एक निबंध स्पर्धा होती, त्यात त्यांनी भाग घेतला होता आणि बक्षीस मिळालं नव्हतं, एवढं आम्हाला माहीत होतं. एकदाच बोलले होते त्याबद्दल, तेही मी आठवीत शाळेच्या निबंधात नापास झाले तेव्हा.

आता तो निबंध मी तीनदा वाचला. चौदा पानं आहेत. त्यात ना आकडेवारी, ना कुणा पुढाऱ्याचं वचन. सगळा निबंध आमच्या गावच्या गुऱ्हाळावरच्या एका रात्रीचा आहे. कायलीखाली चिपाडाचा जाळ कोण घालतंय, मळी कोण काढतंय, गूळ करणारा गुळव्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांत गोळी कशी बघतो, कायल उतरवायला कोण कोण धावतं. आमची आजी त्यात आहे, तिच्या डोक्यावरची चिपाडाची बिंडी आहे.

शेवटच्या पानावर लाल शाईत परीक्षकांचा शेरा आहे: 'विषयांतर. हा निबंध आहे की गोष्ट?' आणि १०० पैकी ३८.

बाबांनी पुढे चौतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांचे विद्यार्थी अंत्यविधीला आले होते. त्यातला एक जण मला म्हणाला, सरांनी कधी कुणाच्या वहीवर 'विषयांतर' लिहिलं नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

स्पर्धा कुणाची होती, ते मुद्दाम लिहीत नाही. सगळे संबंधित आता हयातही नसतील. मला जाणून घ्यायचंय ते वेगळंच. विद्यार्थ्याला विषय द्यायचा, टोपणनावाने निबंध मागवायचा आणि बक्षीस द्यायचं, ही रीत आली कुठून? विषय कोण ठरवायचं? आणि ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांच्या कागदांचं काय व्हायचं? इथे जुन्या शिक्षणाचा अभ्यास असलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते.

गडहिंग्लजकर

ताई, वाचून गलबलून आलं. आमचंबी गुऱ्हाळ होतं, २००३ पर्यंत. 'कायल' हे टोपणनाव घेणारा पोरगा गुऱ्हाळावर राबलेलाच असणार, नुसता बघून आलेला नव्हे.

एक विचारतो. कायल उतरवायला कोण कोण येतंय असं लिवलंय म्हणता, ती माणसं मजुरीची का पैऱ्याची? तेवढं बघून सांगा.

जुनीपाने

धाग्याबद्दल मनापासून आभार. मोठा प्रतिसाद होणार आहे, सांभाळून घ्या.

आपल्याकडे लेखनाला बक्षीस देण्याची गोष्ट विद्यापीठाच्याही आधीची आहे. पुण्यात पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. तिची सुरुवात तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या घराण्याकडून झाली आणि पुढे ती पेशव्यांनी चालवली. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. त्याच पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या सुधारकांनी मागणी केली की या रकमेतला काही भाग मराठीत चांगलं गद्य लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! परंपरेने दक्षिणा घेणाऱ्यांना तो आपल्या हक्कावरचा घाला वाटला. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि कॉलेजांतल्या दक्षिणा फेलोशिप आल्या. हुशारीबद्दल मिळणारं दान जाऊन त्या जागी लिहिलेल्या पानांबद्दल मिळणारं बक्षीस आलं, आणि पान कुणीही लिहू शकतं, हा विचार माझ्या मते खरा फरक होता.

मग १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होतं, म्हणजे परीक्षा घेणारं, शिकवण्याचं काम कॉलेजांकडे. अशा विद्यापीठात विद्यार्थ्याची ओळख परीक्षेच्या निकालात मावत नाही, म्हणून देणगीदारांनी पदकं ठेवली. शेठ-सावकारांनी, न्यायाधीश-वकिलांच्या स्मरणार्थ त्यांच्या चाहत्यांनी. बरीचशी पदकं एखाद्या विषयात पहिलं येणाऱ्यासाठी होती, पण काही खास निबंधासाठी राखलेली होती. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या नावाचं सुवर्णपदक त्यातलं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना ते मिळालं होतं. रामायण-महाभारतात दिसणाऱ्या आचारविचारांवरचा एक निबंध आणि अलंकारशास्त्राच्या इतिहासावरचा एक. अलंकारशास्त्राच्या त्या कामातूनच पुढे त्यांचा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ उभा राहिला. मंडलिक मुरुडचे, काणे दापोलीच्या शाळेत शिकलेले. एका कोकणी वकिलाच्या नावाचं पदक त्याच मुलखातल्या पोराला मिळालं आणि त्या पोराने नंतर धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहून १९६३ मध्ये भारतरत्न घेतलं.

जाता जाता एक. धर्मशास्त्रात 'निबंध' म्हणजे ठिकठिकाणची वचनं एकत्र बांधून केलेला संग्रह. नि आणि बंध. चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला काढली, तिचे ८४ अंक निघाले, आणि आपण आज ज्याला निबंध म्हणतो तो अर्थ मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला. ताई, तुमच्या बाबांच्या परीक्षकांच्या डोक्यात बहुधा जुना अर्थच होता: वचनं आणा आणि बांधा.

कोल्हापूरकडे येतो. राजाराम कॉलेजचे वर्ग १८८० पासून. गोपाळ कृष्ण गोखले इथेच पहिल्या वर्षाला होते. कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं, म्हणून इथल्या मुलांची पदकंही मुंबईची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं तेव्हा खानदेशापासून कोल्हापूरपर्यंतचे बारा जिल्हे त्याच्याकडे गेले. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीला ३४ कॉलेजं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी.

म्हणजे तुमच्या बाबांनी निबंध लिहिला तेव्हा विद्यापीठ चार वर्षांचं होतं. सायकलवरून येणाऱ्या पोरांसाठीच ते काढलं होतं. नवं विद्यापीठ, नव्या पिढीतले पहिले शिकलेले, आणि निबंध तपासणारे मात्र जुन्या परीक्षापद्धतीत वाढलेले. त्या ३८ मार्कांत हे सगळं आहे असं मला वाटतं.

वाचनवेडी

वाचनखूण साठवली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही जुनं. तिथे जुनी वार्षिकं चाळायला मिळतात का बघा ताई. त्या काळी पहिल्या बक्षिसाचे निबंध कॉलेजच्या वार्षिकात छापत असत.

सागरमाळ

जुनीपाने, सुरेख लिहिलंत. कोल्हापूरशी जोडलेली एक गोष्ट राहिली, ती मी सांगतो.

न्यायमूर्ती रानडे यांचं बालपण कोल्हापुरात गेलं. वडील संस्थानच्या नोकरीत होते, सुरुवातीची मराठी-इंग्रजी शाळा इथलीच. मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, तिच्यात उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत ते होते. कॉलेजात असताना त्यांनी एक निबंध लिहिला, मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना करणारा. तुलना इंग्रजांना सोयीची नव्हती. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांचा या मुलावर जीव होता, तरी त्यांनी बोलावून समज दिली की जे सरकार तुझ्या शिक्षणाचा खर्च करतं त्याच्याविषयी असं लिहू नये. आणि सहा महिन्यांसाठी शिष्यवृत्ती बंद केली.

निबंधाला बक्षीस मिळालेले पुष्कळ असतील, निबंधाबद्दल दंड झालेला हा एक कोल्हापूरचा मुलगा. चाळीस वर्षांनी, १९०० साली, त्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं. विषय त्यांनी सोडला नव्हता. विद्यापीठात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून तर ते शेवटपर्यंत झगडले.

मी शिवाजी विद्यापीठात दोन वर्षं होतो. मुख्य इमारतीसमोरच्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी संध्याकाळी बसलो की ही गोष्ट हमखास आठवायची.

करवीरकन्या

जुनीपाने, सागरमाळ, काय बोलू? रानड्यांची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे ह्यांना नुसते मार्कच कमी पडले, बरं."

गडहिंग्लजकर दादा, तुम्ही विचारलंत म्हणून परत बघितलं. बाबांनी 'पैरा' हा शब्द सात वेळा वापरलाय. कायल उतरवायला आलेली सहा माणसं, सहाही पैऱ्याची. आज आमच्या गुऱ्हाळावर, परवा त्यांच्या.

गडहिंग्लजकर

वाटलंच मला.

ताई, मग ते विषयांतर कसं? पैरा म्हंजे सहकारच की. एकाचा बैल, दुसऱ्याचं आऊत, आज तुझ्या रानात उद्या माझ्या. कुणी लिहून ठेवत नाही, पण कुणी चुकवतबी नाही. सहकाराचा कायदा आला १९०४ ला, पैरा त्याच्या कितीतरी आधीचा. तुमचे बाबा सांगत होते की सहकार गावाला कारखान्याने शिकवला नाही, गावात तो होताच. एवढं मोठं म्हणणं त्यांनी एका रात्रीत बसवलं आणि तपासणाऱ्याला ते दिसलंच नाही. मला राग आलाय, खरं सांगतो.

निवृत्त_परीक्षक

मी मराठीचा प्राध्यापक होतो. या भागातल्या आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धांचे निबंध सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तपासले. तेव्हा दुसऱ्या बाजूने काही लिहावं म्हणतो.

टोपणनावाची पद्धत फार जुनी आहे. युरोपातल्या विद्यापीठांत आणि विद्वत्सभांत निबंधावर नाव लिहायचं नसे. एखादं बोधवाक्य लिहायचं. वेगळ्या लखोट्यात आपलं नाव घालून वर तेच बोधवाक्य लिहायचं आणि लखोटा बंद करायचा. निर्णय झाला की फक्त जिंकलेल्या निबंधाचा लखोटा फोडायचा. बाकीचे न फोडता परत किंवा जाळून टाकायचे. हेतू चांगलाच होता. हरलेल्याचं नाव कुणाला कळू नये, आणि परीक्षकाने ओळखीच्याला झुकतं माप देऊ नये. आमच्याकडे बोधवाक्याचं टोपणनाव झालं, लखोट्याचा लिफाफा झाला.

पण यात एक गोष्ट हरवते, ती मला निवृत्तीनंतर उमगली. लखोटा बंद राहिला की हरलेला माणूसही बंद राहतो. कुणी त्याला बोलावून सांगत नाही की तुझा निबंध का बसला नाही, किंवा तू जे लिहिलंस ते आम्हाला कळायला वेळ लागेल.

विषय ठरायचा असा: तीन-चार प्राध्यापक प्राचार्यांच्या खोलीत बसायचे, चहा यायचा, आणि त्या वर्षी ज्या गोष्टीची हवा असेल ती विषय व्हायची. १९६६ मध्ये 'सहकार' नसता तरच नवल. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, सहकारी संस्थांचा नवा कायदा १९६० चा. विषय काढणाऱ्यांना हव्या होत्या व्याख्या, इतिहास, फायदे, तोटे, उपसंहार. मीही असेच निबंध वर काढले. चाळीस गठ्ठे समोर असतात, उजेड कमी झालेला असतो, आणि उपमथळे घालून लिहिलेला निबंध डोळ्याला सोपा जातो. समर्थन करत नाही, जे होतं ते सांगतो.

ताई, तुमच्या वडिलांचा निबंध माझ्या हातात आला असता तर मी ३८ दिले असते की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ही टोचणी गेले दोन दिवस मनात आहे.

सागरमाळ

सर, असं लिहायला धैर्य लागतं. नमस्कार करतो.

जुनीपाने

सरांनी विषय काढणाऱ्यांबद्दल लिहिलं, म्हणून एक मोठी गोष्ट सांगतोच. जगातल्या विद्यार्थी-निबंधांत हिच्या तोडीची दुसरी मला माहीत नाही.

इंग्लंडात ऑक्सफर्डला कुलपतींच्या नावाची निबंधाची बक्षिसं १७६८ पासून. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाच्या निबंधाचं स्टॅनहोप बक्षीस १८५५ मध्ये आलं. केंब्रिजला तर १८४८ मध्ये ल बा नावाचं बक्षीस ठेवलं गेलं, इंग्रजी निबंधासाठी, ज्याचा विषय अधूनमधून हिंदुस्थानशी संबंधित असायचा. कंपनी सरकारचे अधिकारी घडवणाऱ्या हेलीबरीच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या माजी प्राचार्यांच्या सन्मानार्थ ते सुरू केलं. आपल्या मुलखाच्या भवितव्यावर तिकडची पोरं निबंध लिहीत होती, बक्षीस मिळवत होती.

पण मला सांगायचंय ते १७८५ चं. केंब्रिजचे कुलगुरू होते पीटर पेकार्ड, धर्मगुरू. गुलामांच्या व्यापाराने अस्वस्थ झालेला माणूस. १७८१ मध्ये झाँग नावाच्या जहाजावरून शंभरावर जिवंत गुलामांना समुद्रात फेकण्यात आलं होतं आणि जहाजाच्या मालकांनी त्याबद्दल विम्याची भरपाई मागितली होती. पेकार्ड यांनी लॅटिन निबंधाचा विषय काढला: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का?

टॉमस क्लार्कसन नावाचा पंचविशीचा पदवीधर तिथे होता. आदल्या वर्षी त्याला दुसऱ्या गटातलं बक्षीस मिळालं होतं, ते नाव टिकवायचं म्हणून त्याने हाही निबंध घ्यायचं ठरवलं. त्या क्षणी त्याच्या डोक्यात फक्त बक्षीस होतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. विषयाची माहिती शून्य. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून गिनीच्या किनाऱ्याबद्दलच्या एका पुस्तकाचा पत्ता लागला, ते लंडनला जाऊन आणलं. वाचत गेला आणि लिहिण्याची मजा संपली. दिवसा चैन नाही, रात्री झोप नाही. खोलीत मेणबत्ती जळती ठेवायचा, आठवेल ते उठून टिपायचा.

पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. सिनेट हाउसमध्ये निबंध वाचला, टाळ्या घेतल्या आणि घोड्यावरून लंडनला निघाला. वाटेत वेड्समिल गावाजवळ घोड्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला. मनात एकच विचार होता: निबंधात लिहिलंय ते खरं असेल, तर कुणीतरी हे थांबवायला हवं.

पुढच्या वर्षी निबंध इंग्रजीत छापला. १७८७ मध्ये लंडनला बारा जणांची समिती झाली, तिच्यात तो होता. मग वर्षानुवर्षं बंदराबंदरांतून खलाशांना भेटत, साखळ्या-बेड्या पुरावा म्हणून गोळा करत घोड्यावर फिरला. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला. वेड्समिलच्या त्या रस्त्याकडेला आज दगडी स्मारक आहे.

क्लार्कसनचं मोठेपण आहेच. पण मला पेकार्डबद्दल जास्त आदर वाटतो. त्याला 'गुलामगिरीचे फायदे-तोटे' असा विषय काढता आला असता. त्याने तसं केलं नाही. उत्तर दिल्यावर माणसाला घरी बसवणार नाही असा प्रश्न त्याने काढला. विषय काढणाऱ्याचं काम बक्षीस देण्यापेक्षा मोठं असतं, असं मी म्हणतो ते यासाठी.

पंचगंगाकाठ

जुनीपाने, अंगावर काटा आला. आणि याचं एक टोक आपल्याकडेही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्याच सत्यशोधक विचाराला पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांचा आधार मिळाला.

पण धागाकर्त्या ताईंचा तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही, हरलेले कागद जातात कुठे. वर दक्षिणा प्राइझ कमिटीचा उल्लेख आलाय. १८५५ मध्ये फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवलं होतं. एका गरीब कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा लुबाडतो आणि शिक्षणाने डोळे कसे उघडतात, त्याची गोष्ट. कमिटीने ते नाकारलं. सुधारकांनी भांडून मिळवलेलं बक्षीस, त्यांच्या पाठीशी फुले स्वतः उभे राहिले, आणि सहा वर्षांत त्याच कमिटीत फुल्यांचं हस्तलिखित बाजूला सारलं गेलं.

ते नाटक छापून आलं १९७९ मध्ये. सव्वाशे वर्षं! हस्तलिखित टिकलं म्हणून आलं. ज्यांना त्या वर्षी बक्षीस मिळालं त्यांची नावं आज इथे कुणाला सांगता येतील?

शुक्रवारपेठ

भावना समजतात, पण थोडं वेगळं मत मांडतो. राग मानू नका.

प्रत्येक हरलेला निबंध 'तृतीय रत्न' नसतो. स्पर्धेला नियम असतात. विषय दिलाय तर विषयावर लिहिलं पाहिजे. परीक्षकाने प्रत्येकाचं मन वाचत बसायचं म्हटलं तर निकाल लागायचा कधी? मला स्वतःला १९९१ मध्ये विद्यार्थी असताना दुसरं बक्षीस मिळालं होतं, पन्नास रुपये आणि एक पुस्तक. त्या पुस्तकाने मला वाचायची गोडी लागली. नियमांनुसार लिहिलेल्या निबंधालाच ते मिळालं होतं. तेव्हा परीक्षकांना सरसकट दोषी ठरवू नये.

गडहिंग्लजकर

दादा, नियम असावेतच. पण विषयावरच लिवलं होतं की त्यांनी. विषय 'सहकार', निबंधात सात वेळा पैरा. तपासणाऱ्याला पैरा म्हंजे काय ते ठाऊक नव्हतं, ही लिहिणाऱ्याची चूक नव्हे.

शुक्रवारपेठ

हे मान्य. या निबंधापुरतं मी माझं म्हणणं मागे घेतो.

टीवाय_बीए

मी आता शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. सगळे मोठे लोक बोलताहेत, तरी लिहिते.

आमच्याकडे निबंध स्पर्धा अजून होतात. विषय असतात 'सोशल मीडिया: शाप की वरदान', 'पर्यावरण आणि आपण'. निबंध टाईप करून पीडीएफ पाठवायचा. खरं सांगायचं तर निम्मे जण मोबाईलवर प्रश्न टाकून आलेलं उत्तर पाठवतात. मॅडमना कळतं, पण सिद्ध कसं करणार? गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीने २०१९ च्या पुरावर लिहिलं होतं. शिरोळ तालुक्यातलं त्यांचं घर आठवडाभर पाण्यात होतं, म्हशी दावणीला सोडून यावं लागलं होतं. तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला आलेला निबंध कुठल्याही गावातून कुणीही लिहू शकलं असतं असा होता.

हा धागा वाचून मी विभागात एक मागणी लिहून दिलीय. या वर्षीचा विषय असा काढा की ज्याचं उत्तर आपलं गाव बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही. आणि आलेले सगळे निबंध, फक्त बक्षिसाचे नाही, ग्रंथालयात बांधून ठेवा. मॅडम म्हणाल्या, विषयाचं बघते, बांधणीला पैसे लागतील.

निवृत्त_परीक्षक

बांधणीचा खर्च माझ्याकडे. मॅडमना सांगा. विषयासाठी एक सुचवतो, आवडला तर घ्या: 'आमच्या गावात कोण कुणाच्या मदतीला जातं?'

सागरमाळ

सर, हा विषय १९६६ मध्ये निघायला हवा होता.

वाचनवेडी

करवीरकन्या ताई, वार्षिकं बघितलीत का?

करवीरकन्या

बघितली. दोन शनिवार गेले. त्या वर्षीचा अंक एका ओळखीच्या ग्रंथपालांच्या मदतीने मिळाला, त्यात पहिल्या बक्षिसाचा निबंध छापलाय. वाईट नाही. व्यवस्थित आहे, व्याख्या आहेत, शेवटी एक संस्कृत सुभाषित आहे. लिहिणारा मुलगाही कुठल्यातरी गावचाच असणार, पण त्यातून ते कळत नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याने मागितलं ते दिलं.

आईशी बोलून ठरवलंय: बाबांच्या निबंधाच्या दोन प्रती, एक टीवाय_बीए यांच्या विभागाला, एक गावच्या वाचनालयाला. लाल शाईच्या शेऱ्यासकट. आईने एकच अट घातली, मूळ कागद ट्रंकेतच राहतील.

गडहिंग्लजकर दादांसाठी शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा टाईप करतेय:

'पहाटे तीनच्या सुमारास गुळव्याने हात वर केला. गोळी झाली होती. चुलवाणावरचा माणूस जाळ ओढून बाजूस झाला. सहा जणांनी कायलीस हात घातला. त्यांत आमचा एकही नव्हता. आमचे वडील आजारी होते व मी लहान होतो. वाफ्यात गूळ ओतला गेला तेव्हा कोणी बोलले नाही, कारण त्या वेळी बोलावयाचे नसते. नंतर आईने सर्वांना गरम गुळाचा एकेक खडा दिला. आई म्हणाली, परवा तुमच्याकडे येते. सहापैकी एकाने मान हलविली. हा करार येथेच संपला. यास साक्षीदार, कागद व तिकीट लागले नाही. परवा आई डोक्यावर पदर घेऊन पहाटे निघाली, तेव्हा मी तिच्या मागोमाग कंदील घेऊन गेलो.'